मदत हवी आहे: चौदा फुटी जॉन बोटीवर (सपाट तळाची छोटी बोट) सहा लांब रॉड धरतील असे घरगुती होल्डर

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या कोलंबसमध्ये राहतो. पुण्याहून कमिन्स कंपनीत आलेले बरेच जण इथे आहेत, त्यांना गाव माहीत असेल. ४६ नंबरच्या रस्त्याने ब्राउन काउंटीच्या टेकड्या ओलांडल्या की तासाभरात मन्रो लेक येतं. तीन वर्षांपासून मी तिथे क्रॅपी धरायला जातो. ज्यांना हा मासा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: तळहाताएवढा ते वीतभर, अंगाने चपटा, काळ्या ठिपक्यांचा किंवा उभ्या पट्ट्यांचा, आणि तोंडाची कातडी कागदासारखी पातळ. रव्यात घोळवून तळला की घरातली मुलंही मागून खातात.

आतापर्यंत मी एकच रॉड आणि बोया घेऊन पाण्यात पडलेल्या झाडांशेजारी बसायचो. यंदा स्पायडर रिगिंग करायचं आहे, म्हणजे बोटीच्या नाकावर लांब रॉड पंख्यासारखे पसरायचे आणि बोट अगदी सावकाश पुढे न्यायची. इंडियानात एका माणसाला तीन रॉड आणि एका दोरीला दोन गळ एवढी मुभा आहे. आम्ही दोघं, म्हणजे सहा रॉड.

दुसरा माणूस म्हणजे माझे वडील. एप्रिलमध्ये सांगलीहून येतायत, त्यांचं लायसन्स मी काढणार आहे. आयुष्यभर कृष्णेच्या काठावर वेताच्या काठीने वांब आणि मरळ धरलेला माणूस आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे रॉड तासन् तास हातात धरवत नाही. रॉड होल्डरमध्ये असला, टोक हललं की तेवढ्यापुरता उचलायचा, एवढं त्यांना जमेल. म्हणून हा सगळा खटाटोप.

नोव्हेंबरात मी एक होल्डर करून पाहिला. पाच फुटी दोन-बाय-सहाची फळी, तिच्यावर दीड इंची पीव्हीसी पाइपचे दहा इंची सहा तुकडे तिरके बसवले, रीलसाठी वरून खाच कापली, आणि फळी सी-क्लॅम्पने बोटीच्या काठाला आवळली. रॉड बारा फुटी आहेत. पाण्यावर गेल्यावर काहीच धड चाललं नाही.

पहिली गोष्ट, सहा टोकं सहा उंचीवर. घरी येऊन मोजलं. पाइप आतून ४१ मिलिमीटर, माझ्या रॉडची मूठ २६. म्हणजे २५ सेंटिमीटर लांबीत दीड सेंटिमीटर ढिलाई. पाइपच्या बाहेर रॉड सव्वातीन मीटर असतो, तेव्हा टोकाला तीच ढिलाई जवळजवळ वीस सेंटिमीटर होते. टोकं एका रेषेत नसली की क्रॅपीची ती हलकी टिचकी नजरेला पडतच नाही.

दुसरी, मासा लागल्यावर रॉड आधी दहा इंच मागे ओढून पाइपमधून काढावा लागतो. तेवढ्यात मासा गेलेला असतो, आणि वडिलांच्या खांद्याला नेमकी हीच हालचाल वर्ज्य आहे. तिसरी, लाटेबरोबर फळी क्लॅम्पमध्ये फिरते, काठाचा पत्रा एका जागी दबलासुद्धा. बोटीला भोकं पाडायची माझी इच्छा नाही.

आणि ट्रोलिंग मोटर (बोट सावकाश चालवायची छोटी विजेची मोटर) नाकावर मधोमध आहे, हातदांड्याची. फळी मागे घेतली तर दांड्यापर्यंत हात पोचत नाही.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी सांगा, कुठून सुरुवात करू? विकतचे चांगले सहा होल्डर घेणं सध्या परवडणारं नाही. गॅरेजमध्ये व्हाइस, ड्रिल आणि हॅकसॉ आहे.

प्रतिसाद १ (केंटकीहून)

दादा, पीव्हीसीचा पाइप सहा-सात फुटी रॉडला, काठावर रोवून ठेवायला उत्तम. बारा फुटीला नको. लांब रॉडला दोन ठिकाणी आधार लागतो: पुढे वर उघडा यू, मागे खाली उघडा आकडा. रॉड पुढच्या यूवर टेकतो आणि बूड मागच्या आकड्याखाली अडकतं. दोहोंत दहा-अकरा इंच अंतर ठेवा.

याची खरी गंमत काढताना कळते. टोक वर उचललं की बूड आपोआप खाली जातं आणि आकड्यातून सुटतं. म्हणजे मासा अडकवायची हालचाल आणि रॉड सोडवायची हालचाल एकच. मागे ओढायचं काही नाही. काकांच्या खांद्यालाही हे सोसेल असं वाटतं, पण आधी अंगणात करून बघायला सांगा. क्रॅपीला झटका द्यायचाच नसतो, तोंड फाटतं. रॉड नुसता वर घ्यायचा आणि ताण सैल पडू द्यायचा नाही.

फळी काठाला आवळू नका. पुढच्या बाकावर आडवी ठेवा, खाली रबराची चटई घाला आणि रॅचेट पट्ट्याने बाकाभोवती करकचून बांधा. एक मात्र लक्षात ठेवा: फळी प्रेशर-ट्रीटेड लाकडाची असेल तर आजच काढून टाका. त्या लाकडात तांब्याची रसायनं असतात, ओल लागली की ॲल्युमिनियम खातात. माझ्या पहिल्या बोटीच्या तळाला असेच खड्डे पडले होते. साधं पाइन घ्या आणि दोन हात रंग द्या.

प्रतिसाद २ (कोल्हापूरहून)

मी मासेमारीतला नाही, पण वर्कशॉप आहे म्हणून लिहितो. मागच्या आकड्यावर किती जोर येतो ते बघा. रॉड रीलसकट पाव किलो धरा, पण रील मुठीजवळ असतं, म्हणून पुढच्या आधाराबाहेरचं वजन दोनशे ग्रॅम आणि त्याचा तोल सव्वा मीटरवर धरू. आधारांत अंतर २५ सेंटिमीटर. म्हणजे आकड्याला वरच्या दिशेने एक किलोची ओढ. टोकाला चौदा ग्रॅमचं शिसं टांगलं की आणखी पावणेदोनशे ग्रॅम. लाटेवर बोट आपटली की हे सगळं वाढतं. सहा रॉडची ओढ एकाच फळीला बसते, म्हणून ती क्लॅम्पमध्ये फिरत होती. लाकडी स्क्रू अशा ओढीने उपटून येणार. नटबोल्ट आरपार घ्या, खाली मोठा वॉशर टाका.

यू आणि आकडा वाकवायला सळई दहा मिलिमीटरची, गुळगुळीत घ्या. बांधकामाची टीएमटी नको, तिच्या कडा मूठ खातात. वाकवायच्या आधी जाड लाकडात दोन खुंट्या ठोकून साचा करा आणि सहाही नग त्यावरच वाकवा. नजरेने वाकवलेत तर टोकं पुन्हा वरखाली होतील. शेवटी आकड्यांवर रबरी नळी चढवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टोक वर, बूड खाली, हे वाचून मी गॅरेजमध्ये झाडूचा दांडा घेऊन दोन खिळ्यांवर करून पाहिलं. अगदी तसंच सुटतं. फळीवरचं लेबल तपासलं, ट्रीटेडच निघाली. काढून टाकली.

आता मोटर आणि पसारा. पुढच्या बाकावर फळी गेली की आम्ही मधल्या बाकावर बसणार. सहा रॉड किती अंशांत पसरायचे? आणि वाऱ्यात वेग कसा आवरायचा? मी तलाव ओलांडणाऱ्या ४४६ नंबरच्या रस्त्याच्या कॉजवेच्या पूर्वेला जातो. तिथे मोटरबोटींना सावकाशच चालावं लागतं, त्यामुळे लाटा कमी, पण पाणी उथळ आणि लाकूडफाटा भरपूर. दर खेपेला दोन-चार गळ तिथेच राहतात.

प्रतिसाद १

मोटरीच्या दांड्यावर चढेल असा पाइपचा तुकडा बघा, नोव्हेंबरातलाच एखादा उपयोगी पडेल. दांड्याला बोल्ट मारून पक्का करा म्हणजे मधल्या बाकावरून वळवता येईल. तिसऱ्या आणि चौथ्या रॉडमध्ये मोटरीपुरती फट सोडा.

सगळे मिळून शंभर अंशांत पसरा. टोकं साडेतीन-चार फुटांवर राहतील. दोन फुटांच्या आत आली की वळताना तंगूस एकमेकांत गुंतणार, आणि मिनो (आमिषाचे छोटे मासे) लावलेले बारा गळ सोडवण्यात सकाळ जाते. टोक पाण्यापासून फूटभर वर ठेवा.

वेग ताशी अर्ध्या मैलाच्या आसपास, कमी चालेल. तंगूस पाण्यात सरळ खाली गेलेला दिसला पाहिजे. मागे तिरका पडला की वेग जास्त झाला आणि आमिष वर आलं, असं समजा. अर्ध्या औंसाचं शिसं त्यासाठीच लागतं. मागून वारा ढकलत असेल तर पाठीमागे चारेक फूट साखळी सोडा, तळाला घासत बोट आवरते. मात्र लाकडं असतील तिथे साखळी वर घ्या, अडकते. तिथे वाऱ्याच्या तोंडावर जाणंच बरं.

गळ बारीक तारेचा अॅबरडीन घ्या, तंगूस आठ पौंडी. लाकडात अडकला तर बोट मागे घेऊन सरळ ओढा, गळ उघडा होऊन सुटतो. पक्कडीने परत वाकवायचा. आणि मासा जिथे दिसतोय त्याच्या किंचित वर आमिष ठेवा. क्रॅपी वर बघून खातो, खाली गेलेल्या आमिषाकडे वळत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला पाणी गार असतं. पाणी साठ फॅरनहाइटकडे जाईपर्यंत बरेच मासे अंडी घालायला काठाला येत नाहीत, बाहेर जुन्या ओढ्याच्या पात्राशी अधांतरी थांबतात. या पद्धतीला तोच काळ चांगला. लाइफजॅकेट मात्र दोघांनीही अंगातच घाला, बाकाखाली नको.

धागाकर्ता

कळवायचं राहिलं होतं. सहाही होल्डर झाले. साच्यावर वाकवले, बोल्ट आरपार घेतले. बोट ट्रेलरवरच ठेवून अंगणात रॉड लावले आणि प्रत्येकाला अर्ध्या औंसाचं शिसं टांगलं. सहा टोकांत मिळून दोन बोटांचा फरक आहे. पट्ट्याने बांधलेली फळी दोन्ही हातांनी हलवूनही जागची हलली नाही. दोन्ही बॅटऱ्या मागे सरकवल्यात, म्हणजे नाक दबणार नाही.

वडिलांना फोटो पाठवला. त्यांनी बराच वेळ बघितला असावा, कारण फोन तासाभराने आला. म्हणाले, काम नेटकं झालंय, पण तीन काठ्यांवर एकदम मासा आला तर दोघांनी काय करायचं? मला उत्तर देता आलं नाही. इथेच विचारतो.

प्रतिसाद १

काकांना सांगा, ज्याचं टोक सर्वांत खाली गेलंय तो रॉड आधी. बाकीच्यांना हात लावायचा नाही. बारा फुटी मऊ रॉड होल्डरमध्ये वाकलेला असला की ताण तोच धरून ठेवतो, मासा तोंड फाडून घेत नाही. मोटर लगेच बंद करा, नाहीतर बोट तंगूसावरून पुढे जाते. जाळं लांब दांड्याचं घ्या आणि ते तुम्ही धरा, उचलायचं काम काकांना द्या.