फिटची गोळी चालू केल्यापासून लॅब (लॅब्रेडॉर कुत्रा) नुसता खा खा करतोय

आमच्या ४ वर्षांच्या लॅबला परत फिट आली म्हणून डॉक्टरांनी गार्डिनल चालू केलीये सकाळ-संध्याकाळ, तेव्हापासून मागचे पाय लटपटतात, पाणी ढसाढसा पितो आणि हॉलमध्येच शू. सासूबाई म्हणतात बंद करा ती गोळी. करू का?

मोतीची_आई: अजिबात नको!! गार्डिनल म्हणजे फेनोबार्बिटल, ते एकदम थांबवलं तर उलट जोरात फिट येतात. लटपटणं बहुतेक २ आठवड्यांत कमी होतं, भूक काही जात नाही, आमची तर ओट्यावरून कणकेचा गोळा पळवते. १२ तासांचं अंतर मात्र अलार्म लावून पाळा.

भूभूप्रेमी: २-३ आठवड्यांनी रक्तातली औषधाची लेव्हल बघा, पुढे दर ६ महिन्यांनी लिव्हर पण. आणि फिटमध्ये कांदा-चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं वगैरे प्रकार नकोत, चावेल. ५ मिनिटांच्या वर गेली की थेट दवाखाना.

लॅबवाली: लेव्हिपिलने (फिटचीच दुसरी गोळी) एवढी भूक लागत नाही म्हणे, ती मागू का?

भूभूप्रेमी: साधी लेव्हिपिल दर ८ तासांनी द्यावी लागते, दुपारी घरी कोण असतं? डॉक्टरांना विचारा, मनाने बदलू नका