मदत हवी आहे: ५ फुटी सरी, हार्वेस्टरने उसाची तोड. बुडखे उपटले, खोडवा (तोडीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस) विरळ. चूक यंत्राची की लागणीची?

काळवट_३एकर

वाळवा तालुका, भारी काळी जमीन, ३ एकर. को ८६०३२ जात, आडसाली (दीड वर्षाचं पीक), ५ फुटी सरी, सरीची लांबी ४२० फूट. ठिबकच्या लॅटरल तोडीआधी गुंडाळून घेतल्या होत्या. तोड जानेवारीत भाड्याच्या चॉपर हार्वेस्टरने (ऊस तोडून त्याच्या कांड्या करणारं यंत्र) झाली. यंत्र कुठल्या कंपनीचं हा मुद्दा नाही.

आता दिसतंय ते असं:
- काही पट्ट्यांत बुडखे ३-४ इंच उंच राहिलेत. वरचं टोक सपासप कापलेलं नाही, चिरफाळलेलं आहे.
- काही पट्ट्यांत उलटं, बेटच (एका जागचा उसांचा झुबका) मुळासकट हललंय. १० फुटांत ७-८ बेटं होती, तिथे ५ फुटलीत.
- गाडीत माती आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) दोन्ही गेले.

ब्लेड बोथट होते की माझी भरणी (बुंध्याला माती चढवणं) चुकली? ऑक्टोबरात शेजारच्या दीड एकरात पूर्वहंगामी लागण करायची आहे, तोड पुन्हा यंत्रानेच होईल. लागणीपासून काय बदलू?

बेसकटर

उंच बुडखे आणि उपटलेली बेटं एकाच फडात दिसली की आधी सरीचा आकार बघायचा, मग ब्लेड. भरणी किती उंच होती? वरंब्याचा माथा सगळीकडे सारखा होता का?

काळवट_३एकर

मोठी भरणी पॉवर टिलरने. माती जेमतेम ३ इंच चढली असेल. वरच्या अंगाला बरी, खालच्या अंगाला ऊस जवळजवळ सरीतच राहिला.

बेसकटर

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. यंत्राच्या पोटाखाली दोन तबकड्या एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात आणि पुढच्या बाजूला कललेल्या असतात. ऊस उंचवट्यावर असेल तर ब्लेड मातीला लागता लागता बुडखा कापतं. ऊस सरीत खोल असेल तर ऑपरेटरपुढे दोनच वाटा उरतात: तबकडी खाली दाबून माती खणायची, नाहीतर वर धरून ३-४ इंच बुडखा सोडायचा. तुमच्या वरच्या अंगाच्या मापावर लावलेली उंची खालच्या अंगाला चालणारच नव्हती. गाडीतली माती जिथे तबकडी दाबली तिथली.

लागणीला ४ ते साडेचार महिने झाले की रिजरने (सरी ओढायचं अवजार) मोठी भरणी करा, ५ ते ६ इंच. माथा टोकदार नको, गोलसर हवा. बेट माथ्याच्या मधोमध आलं पाहिजे, एका कुशीला नाही. भरणी झाल्यावर दर ५० फुटांवर सरीवर आडवी पट्टी ठेवून उंची मोजा. १ इंचापेक्षा जास्त फरक असेल तिथे पुन्हा माती ओढा.

आता ब्लेड. प्रत्येक तबकडीला ५ ब्लेड आणि मिनिटाला ६०० फेरे धरले तर सेकंदाला ५० काप होतात. यंत्र ताशी ३ किमीने चाललं तर दोन कापांत ते १७ मिलिमीटर पुढे सरकतं. ताशी ६ किमीला ३३. ब्लेडचे कोपरे गोल झालेले आणि वर वेग वाढवलेला, की ब्लेड कापायच्या आधीच तबकडीची कड उसाला ढकलते. ऊस आधी वाकतो, मग चिरतो. तुमचं चिरफाळलेलं टोक त्याची खूण आहे. म्हणजे तुमच्याकडे दोन्ही झालंय, भरणीही कमी आणि ब्लेडही गेलेले.

ब्लेड उलटून-पालटून लावता येतात. काळ्या जमिनीत फारसं लागत नाही, पण खडा-मुरूम असेल तर एका पाळीतही कड जाते. फड सुरू होताना ब्लेड बघायला मागा. कोपरा गोल दिसला तर तिथेच फिरवून घ्या. ते दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी कुणी नाही म्हणत नाही.

पाचट_कुट्टी

वाढ्यांबद्दल. टॉपर, म्हणजे यंत्राचा शेंडे कापणारा भाग, उसाच्या शेंड्याला धरून वर-खाली करावा लागतो. आडवा पडलेला ऊस असेल तर टॉपरला काही सापडतच नाही, वाढे सरळ चॉपरमध्ये जातात. मग लोक पाचट (वाळलेला पाला) उडवणारा पंखा वाढवतात. पाचट उडतं खरं, पण त्याबरोबर कांड्याही उडतात आणि फुटून रस जातो. जमिनीवर पडलेल्या कांड्या मोजता येतात, रस मोजता येत नाही. पंख्याचा वेग वाढवण्याआधी यंत्राचा वेग कमी करायला सांगा. आत जाणारा माल कमी झाला की तोच पंखा पुरतो.

कांडी ८ इंचांच्या आसपास राहिली पाहिजे. ४-५ इंचांच्या तुकड्यांना कापलेली तोंडं दुप्पट, आणि तेवढं आंबणं जास्त. अख्खा ऊस दिवसभर थांबला तर चालवून घेता येतं, चॉपरचा माल मात्र १२ तासांत कारखान्याच्या गव्हाणीत पडावा. गाडी भरून रात्रभर उभी राहणार असेल तर तोड पुढे ढकला. चिटबॉयशी (तोड ठरवणारा कारखान्याचा माणूस) आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

सरळसांगतो

मला वाटतं हे यंत्रच आपल्या शेतासाठी बनलेलं नाही. तिकडे शेकडो एकरांचे फड, आपले दीड-दोन एकर. त्यावर किती भरणी करायची?

बंडाबर्ग_वाचक

"तिकडे" म्हणजे बहुतेक ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड. तिथली गोष्ट या प्रश्नाला लागू आहे म्हणून सांगतो.

हातात कोयता असेपर्यंत तिथेही माणसंच ऊस तोडत. १८६३ पासून पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरून मजूर आणले जात. १९०१ च्या कायद्याने ते बंद झालं. १९३५ मध्ये उत्तर क्वीन्सलँडच्या तोडणी कामगारांनी संप केला. कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा वाइल्स रोग, म्हणजे आपण ज्याला लेप्टो म्हणतो तो. मागणी होती की तोडीआधी फड पेटवा. त्यानंतर जळका ऊस तोडणं तिथे रूढ झालं.

या पार्श्वभूमीवर १९४० च्या दशकात बंडाबर्गच्या टॉफ्ट बंधूंनी उसाची यंत्रं करायला घेतली. घरचा ऊस असलेलं कुटुंब. ऊस भरायची आणि तोडायची यंत्रं त्यांनी केली. सुरुवातीची बरीच यंत्रं अख्खा ऊस तोडून टाकणारी होती, मग कांड्या करणारं चॉपर यंत्र सगळ्यांना पुरून उरलं, कारण कांड्या डब्यात ओतता येतात आणि कारखान्याच्या छोट्या रुळांच्या गाडीने नेता येतात. १९७९ पर्यंत ऑस्ट्रेलियातला सगळा ऊस यंत्राने तोडला जाऊ लागला होता. टॉफ्टचं पुढे ऑस्टॉफ्ट झालं, १९९६ मध्ये केस कंपनीने ते घेतलं. आज त्या नावाची यंत्रं पुण्याजवळ चाकणलाही तयार होतात.

आता मुद्दा. या यंत्राभोवती तिथल्या शेतकऱ्याने आपली शेतं बदलली. सरी लांब केली, भरणी केली, टोकाला वळायला जागा सोडली. आणि तरीही एक गोष्ट चुकली: सरी दीड मीटरची, पण मोठ्या यंत्राच्या दोन ट्रॅकमधलं अंतर १.८ मीटरहून जास्त. ट्रॅक दरवेळी बेटाच्या कुशीवरून गेला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या उत्पन्न घटीच्या संयुक्त अभ्यासाने त्यावर बोट ठेवलं आणि सरी १.८ मीटर करून चाकाच्या वाटा कायम ठेवायला सांगितलं. तेव्हा "५ फूट म्हणजे यंत्राची सरी" हे आपण आंधळेपणाने घेऊ नये. आधी येणाऱ्या यंत्राची टेपने मापं घ्या.

सरळसांगतो

हे पटलं. पण मग माप घेऊन काय करायचं, ६ फूट सरीत उत्पन्न बसतं का?

बंडाबर्ग_वाचक

एकच ओळ ६ फुटांवर ठेवली तर नाही बसत. म्हणून तिथे १.८ मीटरच्या पट्ट्यात मधोमध अर्ध्या मीटरची जोडओळ धरतात. दोन्ही ओळी यंत्राच्या तोंडात एकदम जातात.

आपल्याकडची अडीच फुटी पट्टा पद्धत (अडीच फुटांवर दोन ओळी, मग मोकळा पट्टा) मात्र हार्वेस्टरखाली घालू नका. अडीच फुटांची जोडी यंत्राच्या तोंडात नीट मावत नाही, एक ओळ धरली की चाक दुसऱ्या ओळीवर. मध्यम आकाराचं यंत्र, ट्रॅक ५ फुटांच्या आसपास, आणि इनफिल्डर (रानात कांड्या भरून घेणारी ट्रॉली) ओढणारा ट्रॅक्टरही तसाच असेल तर तुमची ५ फुटी सरी बरोबर आहे. मोठं यंत्र येणार असेल तरच ६ फूट आणि दीड फुटाची जोडओळ.

रोपवाटिका_आणि_टिपरी

दीड एकराच्या लागणीचा हिशोब, ५ फुटी सरी धरून. एकरी सरीची एकूण लांबी ८,७१२ फूट.

रोपं: २ फुटांवर ४,३५६, दीड फुटावर ५,८०८ एकरी. यंत्राने तोडायचं तर दीड फूट घ्या, नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) पडल्या तर यंत्राला काही फरक पडत नाही, पण बेटं मोठी होऊन ऊस बाजूला कलतो. दोन डोळ्यांची टिपरी (लागणीसाठी कापलेला उसाचा तुकडा): टिपरी ९ इंच आणि मधे ६ इंच जागा धरली तर एकरी सुमारे ७,००० टिपरी. त्यावर नांग्या भरायला थोडी बांधावर लावून ठेवा.

ट्रॅक्टरचं लागण यंत्र घेणार असाल तर एक सांगतो. त्यात बसलेली माणसं ऊस सोडतात, यंत्र टिपरी कापतं, खत टाकतं, माती झाकतं. ट्रॅक्टर पळवला की ऊस सोडणाऱ्याचा हात मागे पडतो आणि ५-६ फुटांची रिकामी जागा तयार होते. पहिल्या सरीतच थांबून १० फुटांतल्या टिपऱ्या मोजा, ८ च्या खाली आल्या तर गिअर कमी करा. कापताना डोळा फुटतोय का तेही बघा. वाळलेलं किंवा वाकडं बेणं असेल तर फार फुटतो. टिपरीवर २ इंच माती, त्याहून जास्त नको.

दोन्ही टोकांना १८-२० फूट जागा मोकळी ठेवा. सरी लांबीच्या बाजूनेच पाडा. तोडीआधी १५-२० दिवस पाणी तोडा, काळ्या जमिनीत हे महत्त्वाचं आहे. ओल्या वाटेवरून भरलेली बास्केट ट्रॉली एकदा गेली तरी पुढच्या खोडव्याचं पाणी तिथे मुरत नाही.

काळवट_३एकर

फार उपयोगी. आत्ताच्या खोडव्याचं काय? मोडून टाकू की सांभाळू? पाचट सगळं रानात आहे.

पाचट_कुट्टी

१० फुटांत ५ बेटं असतील तर मोडायची घाई नको. क्रम असा ठेवा:

उंच बुडखे जमिनीलगत छाटून घ्या, धारदार कोयत्याने किंवा ट्रॅक्टरच्या छाटणी यंत्राने. फुटवा जमिनीखालच्या डोळ्यांतून यायला हवा, वरच्या कांडीतून आलेल्या फुटव्याचा नीट ऊस होत नाही. हललेली बेटं पायाने दाबून मातीत बसवा, पूर्ण सुटलेली उपटून टाका. नांग्या रोपांनीच भरा, टिपरीने नाही. टिपरी उगवेपर्यंत शेजारचं बेट तिला झाकून टाकतं.

पाचट पेटवू नका. दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन, मग हलकं पाणी. एकरी ३ टन पाचट धरलं तर २४, ३० आणि ३ किलो. खतं पहारीने, बेटाच्या बाजूला, पहिला हप्ता तोडीनंतर १५ दिवसांत, दुसरा १३५ दिवसांनी. पाचटाखाली खत विस्कटून टाकलं तर बेटापर्यंत पोचत नाही.

बेसकटर

आणि या खोडव्याला भरणी करायची आहेच, फुटवे पुरेसे झाल्यावर. पाचट आंतरसरीत राहू दे, पण रिजर चालवण्याआधी ते कुजायला वेळ द्या, नाहीतर फाळात गुंडाळतं आणि माती चढत नाही.

काळवट_३एकर

यंत्राच्या मालकाला फोन करून ट्रॅकचं माप विचारलं. मध्यापासून मध्यापर्यंत ५ फूट १ इंच म्हणाले. म्हणजे ५ फुटी सरीच धरतो, भरणी ६ इंच. रिजर भाड्याने कुणाकडे असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.