स्ट्रॉमनेसची धून ऐकायला युरेनियमचा इतिहास माहीत असायलाच हवा का?

पियानोवाली_आई
मुलगी पियानो शिकते, सरांनी सध्या तिला पीटर मॅक्सवेल डेव्हिस या ब्रिटिश संगीतकाराचं 'फेअरवेल टू स्ट्रॉमनेस' दिलंय. पाचेक मिनिटांचं आहे, पण घरात सगळ्यांच्या तोंडी बसलंय, नवरा भांडी लावताना पण तेच गुणगुणतो. सहज शोधलं तर कळलं की स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर, स्ट्रॉमनेस गावाजवळ युरेनियमची खाण काढायचं घाटत होतं, त्याच्या विरोधात हे १९८० साली लिहिलंय. आता मला सांगा यात विरोध कुठेय? ना आदळआपट ना कर्कश सूर, उलट इतकं गोड की २००५ मध्ये चार्ल्स-कॅमिलाच्या लग्नानंतरच्या प्रार्थनेत पण वाजवलं होतं. हे वाचलं नसतं तर मला काही वेगळं ऐकू आलं असतं का? आणि असं एखाद्या जागेवरून, इतिहासावरून सुचलेलं अलीकडचं वेस्टर्न क्लासिकल अजून काय ऐकू?

उत्तरेचा_वारा
ताई, मी अ‍ॅबर्डीनला असतो, ऑर्कनीला जाऊन आलोय. स्क्रॅबस्टरहून बोट निघते, दीडेक तासात स्ट्रॉमनेस. वाटेत हॉय बेटाचे उभे कडे लागतात आणि 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' हा समुद्रात एकटा उभा असलेला १३७ मीटरचा सुळका. गाव म्हणजे एकच अरुंद फरसबंदी रस्ता, आणि पाण्याकडच्या घरांना मागच्या दारी स्वतःचा धक्का. खाणीची जागा इथून फक्त दोन मैलांवर! डेव्हिस मूळचे सॅलफर्डचे, पण सत्तरच्या दशकात हॉयवर येऊन राहिले ते ऑर्कनीचेच झाले.
विरोध कुठेय म्हणाल तर तो आजूबाजूला होता. ही धून 'यलो केक रिव्ह्यू' (यलो केक म्हणजे युरेनियमची पिवळी पूड) नावाच्या कार्यक्रमातली, त्यात खाणवाल्यांची खिल्ली उडवणारी गाणी, निवेदनं वगैरे, एलिनॉर ब्रॉन ही अभिनेत्री आणि पियानोवर स्वतः डेव्हिस. मधेमधे नुसत्या पियानोचे दोन तुकडे, त्यातला हा एक. डावा हात जो पावलं टाकत चालतो ना, ती गाव सोडून निघालेली माणसं, असं डेव्हिस यांनीच लिहून ठेवलंय. खाण काही झाली नाही. गंमत म्हणजे रागावलेली गाणी आता फारसं कुणी गात नाही, हा शांत तुकडाच जगभर वाजतो, गिटारवर सुद्धा.

सैल_तानपुरा
मला हे 'आधी टीप वाचा मग ऐका' प्रकरण पटत नाही राव. मल्हार ऐकायला बाहेर पाऊस पडावा लागतो का? ऐकू काय येतं ते बघा की. सुरुवातीला एकटा डावा हात, एका लयीत, मग वर ती धून, आणि तिच्यात आधी आखूड मग लांब असा झटका, तो स्कॉटिश लोकसंगीतातला. खाली चाल बदलत नाही आणि वर सूर अडखळतो, एवढ्यानेच कळतं की कुणालातरी पाय उचलवत नाहीये. युरेनियम माहीत नसलं तरी.
आणि याच माणसाने १९६९ मध्ये 'एट साँग्ज फॉर अ मॅड किंग' लिहिलंय, त्यात गायक किंचाळतो आणि व्हायोलिनवादकाच्या हातातलं व्हायोलिन हिसकावून फोडतो. म्हणजे कर्कश जमत नव्हतं असं अजिबात नाही, इथे मुद्दाम गोड लिहिलंय.

निवांत_ऐकणारी
तानपुरा, ज्यूलिया वुल्फ या अमेरिकन संगीतकार बाईचं 'अँथ्रासाइट फील्ड्स' (२०१४, पुढच्या वर्षी पुलित्झर) टीप न वाचता ऐकून दाखवा मग बोलू. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसाखाणींवर आहे. सुरुवातीला कॉयर नुसती नावं गातो, जॉन अमुक, जॉन तमुक, संपतच नाही. ती १८६९ ते १९१६ च्या खाण अपघातांच्या यादीतली नावं. यादी एवढी मोठी की तिने फक्त जॉन घेतले, त्यातही एकाच सिलॅबलचं आडनाव असलेले!! हे माहीत नसेल तर तुम्हाला ते टेलिफोन डिरेक्टरी वाटेल.
आई, तुम्हाला अजून: फिनिश संगीतकार राउतावाराचं 'कॅन्टस आर्क्टिकस' (१९७२), फिनलंडच्या उत्तरेकडच्या पक्ष्यांचे टेप केलेले आवाज आणि सोबत ऑर्केस्ट्रा, शेवटी हंस. आणि डेव्हिस यांचंच 'ॲन ऑर्कनी वेडिंग, विथ सनराइज', लग्नाच्या दारूने हळूहळू झिंगत गेलेले वादक आणि शेवटी सूर्य उगवताना बॅगपाइपवाला येतो. हे आधी लावा, मुलगी हसेल.

सैल_तानपुरा
जॉनवालं शब्दांचं संगीत झालं, मी नुसत्या वाद्यांबद्दल बोलतोय.

उत्तरेचा_वारा
हंसांवरून आठवलं, २००५ मध्ये डेव्हिस यांच्या घरी पोलीस आले होते, विजेच्या तारेला धडकून मेलेला हंस त्यांनी खायला आणला म्हणून. यांनी पोलिसांनाच हंसाचं टेरीन (साच्यात शिजवलेला मांसाचा पदार्थ) खाणार का विचारलं :)

पियानोवाली_आई
हाहा, हे लेकीला सांगितलं तर ती रियाझ सोडून हंसच शोधत बसेल. वेडिंग ऐकलं, बॅगपाइप आल्यावर खरंच हसली. आता भांडण लयीचं आहे, ती घाई करते आणि सर म्हणतात हळू, कुणाचं ऐकू?

उत्तरेचा_वारा
सरांचं. डेव्हिस यांनी स्वतः वाजवलेलं रेकॉर्डिंग पण आहे, तेच लावून द्या, वाद मिटेल.