‘एसआरजीबी’ लिहून येते, तरी फोटो फिकट का?

वरील प्रश्न असा आहे की, इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची ‘आयडेंटिफाय’ आज्ञा फोटोची कलरस्पेस (रंग आकड्यांत मांडण्याची पद्धत) ‘एसआरजीबी’, म्हणजे वेबवरची नेहमीची, दाखवत असूनही संकेतस्थळावर चढवलेला फोटो फिकट का दिसतो. ती ओळ फक्त एवढेच सांगते की आकडे लाल-हिरवा-निळा या पद्धतीचे आहेत, सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे) आहेत की करड्या छटांचे. त्यामुळे अ‍ॅडोबी आरजीबी या अधिक विस्तृत रंगांच्या कलरस्पेसमध्ये टिपलेल्या फोटोसाठीही तेथे ‘एसआरजीबी’ असेच उमटते आणि नेमकी येथेच फसगत होते: ते आकडे एसआरजीबीचे समजून दाखवले, की रंग फिकट दिसतात.

खरी ओळख फाइलमधील आयसीसी प्रोफाइलवरून, म्हणजे आकडे कोणत्या कलरस्पेसचे हे सांगणाऱ्या माहितीवरून, पटते. ‘आयडेंटिफाय’ला ‘व्हर्बोज’ पर्याय दिल्यास प्रोफाइलचे वर्णन खाली दिसते. मात्र काही कॅमेरे प्रोफाइल घालतच नाहीत, म्हणून मी फोटोतील कॅमेऱ्याच्या नोंदी वाचणारे एक्झिफटूलही चालवून पाहतो. माझ्या अशाच एका फाइलमध्ये कलरस्पेससमोर ‘अनकॅलिब्रेटेड’ आणि इंटरऑप इंडेक्ससमोर ‘आर03’ असे आले, म्हणजे फोटो अ‍ॅडोबी आरजीबीचा होता. फाइलचे नाव अधोरेषेने सुरू होत होते, हीसुद्धा कॅमेऱ्याने दिलेली तीच खूण.

अशा वेळी इमेजमॅजिकला ‘प्रोफाइल’ हा पर्याय दोनदा द्यावा, आधी अ‍ॅडोबी आरजीबीची प्रोफाइल फाइल आणि मग एसआरजीबीची. प्रोफाइल नसलेल्या चित्राला पहिली केवळ जोडली जाते आणि दुसरीने आकड्यांचे खरे रूपांतर होते. ‘स्ट्रिप’ वापरायचेच असेल, तर ते कृपया या रूपांतरानंतरच वापरावे, कारण त्याने प्रोफाइल पुसली जाते.