१२३४५६७८९८७६५४३२१ : मूळ अवयव कागदावर काढता येतील का?

गणितप्रेमी_वाचक
नमस्कार. १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या १११११११११ चा वर्ग आहे. दहा वेळा १ लिहून वर्ग केला तर मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येते आणि अंकांचा सुंदर चढउतार बिघडतो. असे का व्हावे? शिवाय या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव संगणकाविना काढता येतील का? त्यांत ३३३६६७ येतो असे वाचले, परंतु तो मूळ असल्याची खात्री हाताने कशी करावी?

पाढे_पाठ
पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. उभ्या गुणाकारात १११११११११ ही ओळ प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून नऊ वेळा लिहिली जाते. स्तंभांच्या बेरजा १, २, ३ अशा ९ पर्यंत चढतात आणि उतरतात. हातचा कुठेच येत नाही. दहा वेळा १ घेतल्यास मधल्या स्तंभाची बेरीज १० होते आणि हातच्यामुळे क्रम मोडतो. म्हणजे हे सौंदर्य आपल्या दशमान पद्धतीचे आहे. सोळाच्या पायात लिहिल्यास तो चढउतार पंधरा वेळा १ घेईपर्यंत टिकतो.

अवयव_शोधक
दुसरा प्रश्न अधिक रसाळ आहे. १११११११११ = १११ × १००१००१. यातील १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून वर्ग केल्यावर आपली सतरा अंकी संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७², आणि तिचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

आता ३३३६६७ पाहू. त्याला भागणारी कोणतीही मूळ संख्या प माना. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ असल्यामुळे प ही ३ नाही. प ने १०⁹ ला भागल्यावर बाकी १ उरते, कारण ३३३६६७ हा ९९९९९९९९९ चा विभाजक आहे. १००० ला भागूनही बाकी १ उरली असती, तर १००१००१ ची बाकी ३ इतकी झाली असती; पण प ने त्याला पूर्ण भाग जातो, म्हणजे प = ३ ठरले असते, आणि ते आपण आधीच वगळले आहे. बाकी १ देणाऱ्या १० च्या सर्वांत लहान घाताचा घातांक ९ चा विभाजक, म्हणजे १, ३ किंवा ९ असतो; तेव्हा तो ९ च आहे. फर्माच्या प्रमेयानुसार १० च्या (प−१) व्या घाताला प ने भागल्यावरही बाकी १ उरते, म्हणून प−१ ला ९ ने भाग जातो आणि प विषम असल्याने १८ नेही जातो.

३३३६६७ चे वर्गमूळ ५७७ पेक्षा किंचित जास्त आहे. तिथपर्यंत १८ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्या १९, ३७, ७३, १०९ पासून ५७७ पर्यंत फक्त सतरा आहेत. एकीनेही भाग जात नाही. सतरा भागाकारांत सिद्धता पूर्ण होते. मला या संख्येत सर्वाधिक भावते ते हेच.

देवळाली_अंक
एक भर घालतो. संख्येचे शेवटचे नऊ अंक वेगळे करून १२३४५६७८ + ९८७६५४३२१ अशी बेरीज केली तर ९९९९९९९९९ मिळते, कारण ती संख्या ९९९९९९९९९ × १२३४५६७९ इतकी आहे. १, १२१, १२३२१ या मालिकेचा अभ्यास देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी केला. त्यांनी या संख्यांना दिलेल्या 'डेम्लो संख्या' या नावाचे मूळ डोंबिवली स्थानकात आहे. तिथे त्यांना ती कल्पना सुचली होती.