दातांच्या प्रोबायोटिक गोळ्या: एकत्र ऑर्डरीवरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

मीनल (ए-१०४): मंडळी, दातांसाठी प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवंत जिवाणूंच्या, गोळ्या मिळतात, रात्री ब्रश झाल्यावर चघळायच्या. माझ्या नणंदेला हिरड्यांसाठी बऱ्याच उपयोगी पडल्या. दहा डब्या एकदम मागवल्या तर चांगली सूट आहे. कोणाला हव्यात? नैसर्गिक आहेत, साइड इफेक्ट काही नाही.

राजेश (बी-४०२): एक डबी.

शुभदाकाकू (ए-३०१): मला एक गं. नातीसाठी पण चालेल का? अडीच वर्षांची आहे.

अण्णा (बी-२०३): दोन लिही. माझी दाढ पुढच्या आठवड्यात काढायची आहे, तोवर हिरड्या जरा घट्ट होतील.

डॉ. स्नेहल (सी-५०१): अण्णा, तुमच्या दोन्ही डब्या आत्ता थांबवा. मीनल, ऑर्डर उद्यापर्यंत थांबवशील का? क्लिनिक संपवून सविस्तर लिहिते.

सेक्रेटरी: मध्येच सांगतो, उद्या सकाळी १० ते १ वरची टाकी साफ होणार आहे. पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

राजेश (बी-४०२): डॉक्टर, दह्यातले जंतूच ना हे? लहानपणापासून दही खातोय आपण. त्यात थांबवण्यासारखं काय आहे?

डॉ. स्नेहल (सी-५०१): आले. राजेशदादा, दह्यातलेच असतील असं नाही. आणि 'प्रोबायोटिक' एवढ्या एका शब्दावरून काहीच ठरत नाही. आपल्या बी विंगमध्ये चार कुलकर्णी आहेत. पाकिटावर नुसतं 'कुलकर्णी' लिहिलं तर कुरिअरवाला खालीच उभा राहतो, फ्लॅट नंबर लागतो. जिवाणूंचं तसंच आहे. स्ट्रेप्टोकोकस सॅलिव्हॅरियस हे आडनाव, के१२ किंवा एम१८ हा फ्लॅट नंबर. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात जॉन टॅग यांनी या प्रकारांवर कित्येक वर्षं काम केलं. निरोगी माणसांच्या लाळेत राहणारे हे जिवाणू घशातल्या त्रासदायक जंतूंना रोखणारी प्रथिनं सोडतात. एम१८ युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) तयार करतो, त्याने तोंडातलं आम्ल थोडं उतरतं. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा वेगळाच, त्याच्या गोळ्या हिरड्यांसाठी दिल्या जातात. एका प्रकारावर झालेला अभ्यास दुसऱ्याला लागू होत नाही, आणि एकाची सुरक्षितताही दुसऱ्याच्या नावावर मांडता येत नाही. मीनल, डबीवर पूर्ण नाव काय आहे?

मीनल (ए-१०४): फोटोत बघते... 'लॅक्टोबॅसिलस मिश्रण' आणि पुढे '५ अब्ज'. फ्लॅट नंबर नाही ताई.

डॉ. स्नेहल (सी-५०१): मग मी माझ्या पेशंटला ती देणार नाही. आणि डबीवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असंही असेल बघ. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात या गोळ्या अन्नात मोडतात, औषधात नाही, म्हणून ते छापावं लागतं.

मीनल (ए-१०४): आहे, खाली बारीक अक्षरात.

प्रज्ञा (ए-६०३): मी गेल्या वर्षी अशाच घेतल्या होत्या. पहिले चार दिवस पोट गुडगुडत होतं, गॅस झाला, मग थांबलं. तेवढंच.

डॉ. स्नेहल (सी-५०१): प्रज्ञा, बहुतेकांना तेवढंच होतं. निरोगी माणसाला फार तर पोट फुगणं, गॅस, क्वचित पातळ शौच. त्यात गोळीतल्या गोडव्याचाही वाटा असतो. झायलिटॉल, आयसोमाल्ट, सॉर्बिटॉल जास्त पोटात गेलं की जुलाब होतात. चार गोळ्या एकदम चघळू नयेत ते त्यासाठी. अंगावर पुरळ आलं, ओठ सुजले तर लगेच बंद. काही गोळ्यांत दुधाचा अंश असतो, दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी डबी वाचल्याशिवाय तोंडात टाकू नये.

शुभदाकाकू, अडीच वर्षांच्या पोरीला चघळायची गोळी नको. घशात अडकू शकते. तिचे दात तुम्ही स्वतः फ्लोराइडच्या पेस्टने घासून द्या, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. तिच्यासाठी तेच सगळ्यात मोठं काम आहे.

शुभदाकाकू (ए-३०१): बरं बाई. आणि सुनेच्या बहिणीचं बाळ सातव्या महिन्यात झालंय, अजून काचेच्या पेटीत आहे. त्याला कोणीतरी प्रोबायोटिक थेंब पाठवायचं म्हणतंय.

डॉ. स्नेहल (सी-५०१): काकू, घरून काहीही पाठवू नका. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेने, अगदी याच बाबतीत इशारा दिला. अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला प्रोबायोटिक दिलं होतं, त्याच जिवाणूचा रक्तात संसर्ग झाला आणि बाळ गेलं. तिथले बालरोगतज्ज्ञ ठरवतील ते.

वैशाली (सी-२०२): स्नेहल, एक विचारू? आईच्या घशाच्या कॅन्सरला रेडिएशन चालू असताना डॉक्टरांनीच अशी चघळायची गोळी दिली होती, तोंडातल्या फोडांसाठी. मग कॅन्सरवाल्यांना चालते ना?

डॉ. स्नेहल (सी-५०१): ताई, बरोबर आठवतंय तुम्हाला. लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिस सीडी२. दिल्लीच्या एम्समध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या २०० रुग्णांवर त्याचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला, आणि गोळी घेणाऱ्यांना तोंडातले फोड कमी आले. पण तिथे ठरलेला एकच प्रकार होता, ठरलेली मात्रा होती आणि रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. आपल्या आपण नेटवरून मागवलेली गोळी आणि ती गोळी यात फार अंतर आहे. केमो चालू असलेले, किडनी बदललेले, रोज स्टिरॉइड घेणारे, गळ्याजवळ सलाइनची कायमची नळी असलेले, यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिवंत जिवाणू घ्यायचे नाहीत. 'जिवंत' हा शब्द लक्षात ठेवा. शरीर धड असतं तेव्हा ते तोंडात आणि पोटातच राहतात. राखण ढिली पडली तर रक्तात शिरू शकतात.

अण्णा (बी-२०३): डॉक्टर, मला यातलं काहीच नाही. शुगरही नाही. मला का थांबवलं?

डॉ. स्नेहल (सी-५०१): अण्णा, तुमच्या हृदयाची झडप बदलली आहे ना? गेल्या गणपतीत तुम्हीच सांगितलं होतं.

१९९९ मधली एक नोंद आहे. ब्रिटनमधले ६७ वर्षांचे गृहस्थ, हृदयाच्या झडपेतून थोडी गळती होती, बाकी ठणठणीत. ते प्रोबायोटिकच्या कॅप्सूल गिळण्याऐवजी तोंडात चावत. त्याच सुमारास त्यांचे किडलेले दात काढले. दात काढलेली जागा म्हणजे उघडी जखम, तिथून जिवाणू थेट रक्तात जातात. त्यांना झडपेचा संसर्ग झाला आणि सापडलेला लॅक्टोबॅसिलस हा कॅप्सूलमधल्या जिवाणूसारखाच होता. अशा केसेस अगदी विरळ आहेत, हे मी मुद्दाम सांगते, कोणी घाबरून जाऊ नये. पण बदललेली झडप, त्याच आठवड्यात दाढ काढायची आणि तोंडात अब्जावधी लॅक्टोबॅसिलस, हे तिन्ही एकत्र आलं म्हणून दुपारी वाचल्या वाचल्या लिहिलं.

अण्णा (बी-२०३): झडपेचं मी दातांच्या डॉक्टरांना सांगितलंच नाही. दाढेचा आणि हृदयाचा काय संबंध, असं वाटलं.

डॉ. स्नेहल (सी-५०१): उद्याच सांगा अण्णा. झडप बदललेल्या माणसाला दाढ काढायच्या आधी अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो. ते राहून गेलं असतं. तुमच्या बाबतीत गोळ्यांपेक्षा हे कितीतरी मोठं आहे.

राजेश (बी-४०२): मग आम्ही बाकीच्यांनी घ्यायच्या की नाही? माझी हिरडी ब्रश करताना रक्त काढते.

डॉ. स्नेहल (सी-५०१): दादा, रक्त येतंय म्हणजे बहुधा दातांच्या मुळाशी दगडासारखा थर साचलाय. तो कुठल्याही जिवाणूने विरघळत नाही, खरवडूनच काढावा लागतो. आधी क्लीनिंग करा, साखर तपासून घ्या. त्यानंतर घ्यावीशी वाटली तर पूर्ण नाव असलेली गोळी घ्या, काही आठवडे. बंद केली की हे जिवाणू तोंडात फार दिवस टिकत नाहीत, तेही धरून चाला. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर पैसे वाया, ते यांनाही मारतं. आणि ज्याच्या दातात उघडा खड्डा आहे त्याने आधी तो भरून घ्यावा. लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल करतात, खोल किडीत ते मुळातच भरपूर असतात. तोंडातला पीएच (आम्लाचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच झिजायला लागतं. चांगला जिवाणू, वाईट जिवाणू अशी सरळ विभागणी तोंडात नसते.

निखिल (ए-५०२): झायलिटॉलवरून आठवलं. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी ही डबी टीपॉयवर ठेवू नका. कुत्र्याच्या पोटात झायलिटॉल गेलं तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते, जीव जाऊ शकतो. आमच्या व्हेटने बजावून सांगितलंय.

मीनल (ए-१०४): हे तर मला माहीतच नव्हतं. स्नेहलताई, 'साइड इफेक्ट नाही' असं मी न वाचताच लिहून टाकलं, चुकलं माझं. ऑर्डर रद्द करतेय. ज्यांनी पैसे पाठवले त्यांना आज रात्रीच परत करते.

सुमनकाकू (बी-२०३): स्नेहल, मी अण्णांच्या घरून. ह्यांची ऑपरेशनची फाइल काढून ठेवली आहे. दवाखान्यात फोन करून उद्या ११ ची वेळ घेतली. दाढ काढायची म्हणून ह्यांनी रक्त पातळ करायची गोळी कालपासून बंद केली आहे, कोणी सांगितलं नव्हतं तरी. ते बरोबर आहे का?

डॉ. स्नेहल (सी-५०१): नाही काकू, झडपेसाठी दिलेली ती गोळी अशी आपल्या मनाने बंद करायची नसते. हृदयाच्या डॉक्टरांना आत्ता लगेच फोन करा, आजचा डोस कसा घ्यायचा ते विचारा. शेवटचा आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा, रिपोर्टही फाइलमध्ये घाला. मी दहा मिनिटांत खाली येते.

सुमनकाकू (बी-२०३): ये. फोन लावतेच आहे.