सांगलीतील सेवाभावी संस्थेच्या निधीसंकलनाची आणि जनसंपर्काची जबाबदारी : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. एका नोंदणीकृत संस्थेत निधीसंकलन आणि जनसंपर्क या दोन्ही विभागांची प्रमुख म्हणून मी नुकतीच रुजू झाले आहे. संस्था एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी दिवसभराचे केंद्र, घरातील छळाला तोंड देणाऱ्या स्त्रियांसाठी समुपदेशन आणि कुपवाड परिसरातील मुलांसाठी अभ्यासिका चालवते. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) या आयकराच्या नोंदण्या आहेत. परदेशी निधीची परवानगी नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांच्या वेळी संस्थेकडे मदतीचा ओघ होता, पण पाणी ओसरल्यावर तोही ओसरला आणि त्या देणगीदारांची नावे आज केवळ पावतीपुस्तकांत आहेत.

विश्वस्तांची अपेक्षा अशी आहे की मी वर्षभरात एखादी मोठी कंपनी मिळवावी, आणि समाजमाध्यमांवर स्त्रियांच्या व मुलांच्या छायाचित्रांसह मन हेलावणाऱ्या कथा द्याव्यात. मला या दोन्ही गोष्टींविषयी शंका आहे, परंतु पर्याय नीट मांडता येत नाही. हे काम ज्यांनी केले आहे त्यांनी, पहिल्या वर्षात शक्ती कोठे लावावी, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (सातारा, निधीसंकलनातून निवृत्त)

आपल्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे, आणि ते म्हणजे ती पावतीपुस्तके. नवा देणगीदार शोधण्याआधी जुन्या पावत्यांवरून एक साधी यादी करावी : नाव, गाव, दूरध्वनी, रक्कम, कोणत्या निमित्ताने दिली आणि कोणाच्या ओळखीने आले. ज्यांनी एकाहून अधिक वेळा दिले आहे, त्यांना स्वतः फोन करावा. या पहिल्या फोनमध्ये पैसे मागू नयेत. पुराच्या वेळी त्यांनी दिलेल्या रकमेचे काय झाले, एवढेच सांगावे. हे बहुतेक संस्थांनी कधी सांगितलेलेच नसते, आणि देणगीदार दुरावतो तो बहुधा याच कारणाने. लोक मात्र त्याला दानत आटली असे म्हणतात.

आपल्या भागात रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडाचा दाखला प्रत्येक भाषणात दिला जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढले जाई, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातील व्यवहाराची बाजू मात्र कोणी सांगत नाही : मूठमूठ धान्य गोळा करायचे म्हणजे त्याच दारात पुन्हापुन्हा जाणे आले, आणि जाणाऱ्याला मागच्या वेळच्या धान्याविषयी विचारले जाणारच. दरमहा दोनशे रुपये देणारी दोनशे घरे उभी करणे कष्टाचे आहे, पण त्यातून महिन्याला चाळीस हजार रुपये असे येतात की जे कोणत्याही एका अधिकाऱ्याच्या बदलीने बंद पडत नाहीत.

मागण्याची वेळ पाहावी. पगारदार माणूस मार्चअखेरीस आणि दिवाळीत विचार करतो. शेतकरी घरात पैसा पिकाबरोबर येतो. तासगाव भागात द्राक्षे आणि बेदाण्याचा हंगाम, इतरत्र उसाचे बिल, सांगलीच्या बाजारात हळद, असा तो क्रम आहे. ऑगस्टमध्ये द्राक्षबागायतदाराकडे जाऊन उपयोग नाही; त्या वेळी तोच पुढच्या छाटणीच्या खर्चाच्या विवंचनेत असतो. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभर विखुरलेले आहेत, आणि गावच्या यात्रेला ते परत येतात. त्यांना पत्र पाठवण्यापेक्षा यात्रेच्या दिवसांत घरी जाऊन भेटावे.

जनसंपर्काविषयी माझे मत थोडे कडक आहे. देणगीदारास दर तिमाहीला मराठीतून एक पान पाठवावे, व्हॉट्सअॅपवर, आणि ज्येष्ठांना छापून. त्यात काय झाले ते असावे आणि काय झाले नाही तेही असावे. अभ्यासिकेत मुलींची संख्या घटली असेल तर तसे लिहावे आणि कारणही लिहावे. दुसरे असे की, पगार लपवू नयेत. लोकांना वह्या, धान्य, चादरी द्यायला आवडते. समुपदेशिकेच्या पगाराला पैसे द्यायला ते बिचकतात. परंतु स्त्रियांच्या केंद्रात समुपदेशिका हेच काम आहे, तिच्याखेरीज तेथे दोन खुर्च्या आणि एक टेबल एवढेच उरते. म्हणून “एका समुपदेशिकेचा एका महिन्याचा खर्च” हीच देणगीची एक बाब म्हणून खुलेपणाने मांडावी.

उत्तर २ (मिरज, सनदी लेखापाल)

वरील उत्तराशी सहमत आहे. केवळ हिशेबाच्या बाजूने भर घालतो. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या आयकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलतात. येथे मी सर्वांच्या तोंडी असलेले जुनेच क्रमांक वापरतो.

दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला ८०जीची वजावट मिळत नाही, हे पावती फाडणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक हवे. वर्षभराच्या देणग्यांचे विवरण १०बीडी या नमुन्यात पुढील ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि त्यावरूनच देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळते. उशीर झाल्यास दिवसाला दोनशे रुपये शुल्क आहे. त्यामुळे पॅन आणि पत्ता देणगी घेतानाच घ्यावा. संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड लावला की पैसे सहज येतात, पण पाठवणाऱ्याचा पॅन आणि पत्ता काही येत नाही, आणि मे महिन्यात कर्मचारी अनोळखी क्रमांकांवर फोन करत बसतात. हा कोड कोणाही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्याचा नसावा, अगदी तात्पुरताही नसावा.

आवाहनात “कर वाचवा” या मुद्द्यावर फार भर देऊ नये. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही, आणि आता बरेचसे पगारदार त्याच प्रणालीत आहेत. दानपेटी ठेवणार असाल तर हेही लक्षात घ्यावे की, निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्या वर गेल्यास, वरच्या भागावर तीस टक्के कर लागतो.

सांगलीची अनेक मुले परदेशात आहेत, त्यांच्याविषयी एक खुलासा. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी निधी ठरत नाही. पासपोर्टची प्रत घेऊन ठेवावी. परंतु तीच व्यक्ती अमेरिकेची नागरिक झाली असेल तर, तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, आपल्या संस्थेला तिची देणगी घेता येणार नाही. नातेसंबंध कितीही जवळचे असोत, येथे भिडेस पडू नये.

उत्तर ३ (पलूस, एका कारखान्याच्या सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, समितीवर काम केलेला)

पहिल्या उत्तरात कंपन्यांचा उल्लेखच नाही, हे मला पटले नाही. विश्वस्तांची अपेक्षा अवाजवी असेल, पण दिशा चुकीची नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पाचशे कोटींचे नक्त मूल्य, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक अट पुरी करणाऱ्या कंपनीवरच सीएसआरचे बंधन येते. औद्योगिक वसाहतींतील बरेचसे लहान कारखाने यात बसत नाहीत. तेथे मालक स्वतःच्या खिशातून देतो, आणि त्याला तीस पानी प्रस्ताव नको असतो, त्याला केंद्र पाहायचे असते.

ज्यांना बंधन आहे त्यांच्यासाठी आपल्याकडे एक जमेची बाजू आहे. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ज्येष्ठांसाठी दिवसभराची केंद्रे आणि स्त्रियांचे सक्षमीकरण यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि स्थानिक परिसराला प्राधान्य देण्याची अपेक्षाही कायद्यातच आहे. प्रस्तावात हीच भाषा वापरावी. सीएसआरचा पैसा घेण्यासाठी संस्थेला लागणारी सीएसआर-१ ही नोंदणी नसेल तर ती आधी करावी, कारण तिच्यावाचून बोलणे पुढे सरकत नाही. एक मात्र मान्य करतो : हा पैसा प्रकल्पाला बांधलेला आणि बहुधा एका वर्षाचा असतो. त्यावर अभ्यासिकेची नवी खोली व्हावी, कायमचे पगार अवलंबून राहू नयेत.

प्रश्नकर्ती

सर्वांची आभारी आहे. यादीचे काम सुरू करते. छायाचित्रांविषयी मात्र अजून कोणी बोलले नाही, आणि विश्वस्तांचा आग्रह तेथेच अधिक आहे. “चेहरा धूसर करू आणि संमतीपत्र घेऊ” असे त्यांचे म्हणणे आहे.

उत्तर ४ (सांगली, समुपदेशिका)

आपले शहर एवढे लहान आहे की, चेहरा धूसर केला तरी साडी, दरवाजा, आवाज किंवा मागचे दुकान यांवरून बाई ओळखली जाते. ते छायाचित्र सासरच्या व्हॉट्सअॅप गटात पोहोचायला संध्याकाळही लागत नाही, आणि मग तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो. संमतीपत्राचे म्हणाल तर, ज्या संस्थेवर तिचा आधार आहे त्याच संस्थेला ती नाही कसे म्हणेल? बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. अभ्यासिकेतील प्रत्येक मूल त्यात येणार नाही, पण कोणते येते हे छायाचित्र काढणाऱ्याला ठाऊक नसते.

कथा सांगण्यासाठी चेहरा लागत नाही. समुपदेशिकेने स्वतःच्या कामाचा एक दिवस सांगावा. ज्येष्ठांपैकी ज्यांना हौस आहे त्यांनी आपल्या नावानिशी बोलावे, आणि त्यांना खरोखरच हौस असते. अभ्यासिकेत शिकून आता नोकरी करणारी तरुण मुले स्वतःहून लिहितील, तर तेही उत्तम.

विश्वस्तांशी वाद घालण्यापेक्षा छायाचित्रांचे धोरण एका पानात लिहून ते पुढील बैठकीत ठराव म्हणून मांडावे : समुपदेशन केंद्रातील कोणाचेही छायाचित्र नाही, मुलांचे जवळून घेतलेले छायाचित्र नाही, आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येईल. ठराव इतिवृत्तात नोंदला गेला की उद्या एखाद्या देणगीदाराने किंवा कंपनीने वाटपाच्या कार्यक्रमात स्त्रियांना रांगेत उभे करून छायाचित्र मागितले, तरी नकार आपल्या एकट्याच्या नावावर राहत नाही. कंपनीशी होणाऱ्या करारातही हीच अट घालून घ्यावी, कारण धनादेश आल्यानंतर ती घालता येत नाही.